अडीच फेरे

पळताना ही एटीव्ही चकार शब्द काढत नाही.
अंगठा दाबून ठेवा, गोराईची पुळण
शेवटच्या सुरूपर्यंत मुकाट कापते.
अंगठा सोडला की मग
फट्. फट् फट्. फटाक्.

रविवारी इस्माईलचा घोडा दोन पायांवर उभा राहिला.
टांग्यात मीरा रोडचं एक कुटुंब, मांडीवर वाढदिवसाचा केक.
घोड्याचं नाव कलेक्टर. केकचं नंतर कोणी नाव काढलं नाही.
इस्माईल जे बोलला ते सगळं मी इथे लिहीत नाही.
बावतीस तिथे गप्प उभा राहिला
आणि गॅरेजमध्ये येऊन पान्यांवर ओरडला.

आधी सायलेन्सर.
ओलं फडकं धर जोडावर, म्हणाला, हवा चोरतो का बघ.
नाही चोरत.
इंजिनाकडचा रबर? खारं वारं खाऊनही धड.
मग दोन बोल्ट, एक क्लिप,
आणि कार्बोरेटर माझ्या तळहातावर,
नुकत्या धरलेल्या चिंबोरीसारखा गार, गळका.

वाटी उघडली. तळाशी चहाच्या चोथ्यासारखं
पावसाळाभर ताडपत्रीखाली शिळं झालेलं पेट्रोल.

पायलट जेट म्हणजे तरी केवढं,
भाताच्या शितापेक्षा जरासं लांब पितळ.
मधल्या भोकातून उजेड दिसायला हवा.
बल्बसमोर धरलं. अंधार.
सुई नको घालू पोरी, भोक मोठं झालं की जेट मेला.
भिंतीवरची गिटार त्याने उतरवली,
सगळ्यात बारीक तार सोडवली,
पक्कडीने बोटभर तोडून माझ्याकडे दिली.
गिटार पाच तारांनिशी परत खिळ्यावर.
धूळ तेवढी त्याच्या बाहीला लागली.
मी काही विचारलं नाही.
तार आरपार गेली,
टाचणीच्या टोकाएवढा बल्ब पलीकडे दिसला.

गाडी जोडली, तापू दिली.
आता खालचा स्क्रू. आत फिरव, टेकला की थांब,
दाबशील तर टोक मोडशील.
आता बाहेर, मोजत.
आधीच्या कोणी सव्वा फेऱ्यावर ठेवला होता. कंजूष माणूस.

अंगठा सोडलास की झडप मिटते, बावतीस सांगत होता,
हवा पुष्कळ, पेट्रोल चिमूटभर. धड पेटत नाही.
जे आत जळायला पाहिजे
ते पुढे तापल्या नळीत जाऊन जळतं.
तोच तुझा फटाका.
मग पान्यांकडे बघून
स्वतःशीच जरा ओशाळला.

दीड. फट् फट्.
दोन. फट्.
प्रत्येक पाव फेऱ्याला तो डोळे मिटायचा,
डावा हात हवेत,
चार बोटं गिटारच्या दांडीवर असावीत तशी वाकलेली.
अडीचला इंजिनाचा सूर चढला
आणि तिथेच बसला.
अडीच. बुद्धिबळातला घोडा चालतो तेवढीच घरं.
हे मी बोलून दाखवलं तर म्हणाला,
स्क्रूकडे लक्ष दे.

सोमवारी सकाळी ओहोटी, ओली वाळू, गिऱ्हाईक नाही.
इस्माईल मुद्दाम कलेक्टरला घेऊन उभा,
लगाम दोनदा मनगटाला गुंडाळलेला.
मी लांबून सुटले. पन्नास हातांवर अंगठा सोडला.
गुरगुर उतरत गेली, उतरत गेली,
आणि अगदी शेवटी, एकच,
पट्,
वाल पाण्यात भिजून फुटावा तेवढा.

अजून पाव फिरवू? मी ओरडून विचारलं.
नको, बावतीस म्हणाला. याहून जास्त पाजलंस
तर प्लगला काजळी धरेल, काळा धूर ओकेल.
तेवढा एक राहू दे तिचा.

आम्ही तिघांनी कलेक्टरकडे पाहिलं.
त्याने एक कान मागे वळवला,
पुन्हा पुढे आणला,
आणि चंदीच्या पिशवीत तोंड घातलं.
इस्माईलने लगामाचा एक वेढा सोडला.
दुसरा तसाच ठेवला.